न दिसणाऱ्याचं भय

मे महिन्यात जिवतीच्या डोंगरावर माणसं पाण्याच्या मागे असतात. कोलामांच्या गुड्यांवरून बायका पहाटेच झऱ्याकडे निघतात. तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, तांड्यांवर पावसाच्या आत लग्नं उरकायची घाई असते. २०२५च्या मे महिन्यात या सगळ्यात एक भलतीच गोष्ट शिरली. ज्या उंचवट्यावर मोबाइलला रेंज मिळते तिथे उभी राहून पोरं ‘किराणा हिल्स’चे व्हिडिओ बघत होती आणि घरी येऊन थोरांना सांगत होती, की पाकिस्तानात अणुबॉम्बचं कोठार फुटलंय, विषारी हवा सुटलीय, वाऱ्यासोबत ती इकडेही येईल.

किराणा हिल्स म्हणजे पाकिस्तानातल्या सरगोधा शहराजवळच्या टेकड्या. तिथून जिवती सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला, ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं, १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. बंदुका थांबल्या आणि अफवा सुरू झाल्या. अणुभट्टी आटोक्यात आणायला वापरतात ते बोरॉन घेऊन इजिप्तचं विमान पाकिस्तानात उतरलं, म्हणजे गळती नक्की झाली, असा तर्क बांधून संदेश फिरू लागले. १२ मेला हवाई दलाच्या एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, की किराणा हिल्सवर आपण मारा केलेला नाही. पुढे दोन-तीन दिवसांत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही स्पष्ट केलं, की पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्गाची गळती झालेली नाही.

खुलासा झाला, पण तो इंग्रजीत आणि हिंदीत झाला. जिवतीच्या डोंगरावर गोंडी बोलतात, कोलामी बोलतात, गोरमाटी बोलतात, तेलुगू बोलतात, मराठवाड्याकडची मराठी बोलतात. व्हिडिओ या सगळ्यांपर्यंत पोहोचला, कारण धुराचा लोट समजायला भाषा लागत नाही. खुलासा समजायला भाषाही लागते आणि सांगणाऱ्यावर विश्वासही लागतो.

गुरं बाहेर सोडायची का, विहिरीवर काही झाकायचं का, उघड्यावर वाळत घातलेलं खायचं का, असे प्रश्न त्या दिवसांत लोक एकमेकांना विचारत होते. त्यांना अडाणी म्हणायची माझी तयारी नाही. चेर्नोबिलनंतर, १९८६च्या मे महिन्यात, युरोपातले शेतकरी नेमके हेच प्रश्न आपापल्या सरकारांना विचारत होते, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना ते अगदी रास्त वाटले होते. प्रश्न योग्य होते. जिवतीत उत्तर द्यायला कुणी नव्हतं, एवढाच फरक.

*

ज्यांनी जिवती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चंद्रपूर जिल्ह्याचं हे दक्षिण टोक. राजुऱ्याहून गडचांदूरला यावं, सिमेंटच्या चिमण्या मागे टाकाव्यात आणि घाट चढावा, की माणिकगडाच्या डोंगररांगांत हा तालुका पसरलेला दिसतो. कोलाम आणि गोंड इथले जुने रहिवासी. नंतर मराठवाड्यातल्या दुष्काळांनी हाकललेली बंजारा, मातंग, बौद्ध, मराठा कुटुंबं आली आणि त्यांनी दगडाळ जमिनीत कापूस-ज्वारी पिकवायला घेतली. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशी सीमेवरची चौदा गावं महाराष्ट्राचीही आहेत आणि तेलंगणाचीही. तिथल्या माणसांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं असतात आणि ती दोन्हीकडे मतदान करतात. योजनांच्या वेळी दोन सरकारं येतात. पण एखाद्या रात्री ‘घर सोडा’ किंवा ‘घरातच थांबा’ असं सांगायची वेळ आली, तर ते चंद्रपूरने सांगायचं की तेलंगणातल्या आसिफाबादने, याचं उत्तर कुठल्याही कागदावर मला सापडलेलं नाही.

जिल्ह्याला न दिसणाऱ्या विषाची ओळख मात्र जुनी आहे. चंद्रपूर शहराला लागून महानिर्मितीचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. कोळशाच्या खाणी आहेत, राखेचे बंधारे आहेत. भद्रावतीजवळ आयुध निर्माणी आहे. मे २०२५च्या सुरुवातीला तिथल्या कामगारांच्या लांब रजा रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा ‘युद्ध आपल्या दारात आलं’ ही भावना चंद्रपुरात खरीखुरी होती. त्याच वर्षी २४ जानेवारीला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले होते. तेव्हा हा भाग कशाला घाबरेल, असं नागपूर-मुंबईला बसून म्हणू नये.

*

याच जिल्ह्याने एकदा आकाशातून पडलेलं संकट प्रत्यक्ष पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशात जळते गोळे एका रांगेत सरकत गेले. गुजरात, मध्य प्रदेशातूनही ते दिसले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान कोसळलं म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. पुढच्या दिवसांत पवनपारच्या आणि आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळे सापडले. पोलिसांनी ते ताब्यात घेतले, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहून गेले. चीनच्या ‘लाँग मार्च ३-बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असा निष्कर्ष उपग्रहांवर नजर ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

त्या रात्रीचं एक दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कडं पडलं आणि गाव धावत जाऊन त्याच्याभोवती उभं राहिलं, मुलंसुद्धा. हात लावावा की लावू नये, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. रॉकेटच्या त्या तुकड्यात अणुइंधन नव्हतं. पण आकाशातून अणुइंधन कधी पडलंच नाही, असं मात्र नाही.

२४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत रशियाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशावर कोसळला. त्याच्या पोटात अणुभट्टी होती. तुकडे सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटरवर विखुरले. ‘ऑपरेशन मॉर्निंग लाइट’ या नावाने कॅनडा-अमेरिकेने महिनोन्‌महिने शोध घेतला, तरी इंधनाचा अगदी किरकोळ अंश हाती लागला. तो प्रदेशही आदिवासींचा. डेने लोक तिथे कॅरिबूची शिकार आणि मासेमारी करून जगतात. हेल्मेट-मास्क घातलेली माणसं हेलिकॉप्टरमधून उतरत, यंत्रं फिरवत आणि निघून जात. ज्यांच्या जमिनीवर हे चाललं होतं त्यांना कॅरिबूचं मांस खावं की नाही, हे धड सांगितलं गेलं नाही. कॅनडाने सोव्हिएत रशियाकडून नंतर तीस लाख डॉलर वसूल केले. डेने म्हाताऱ्यांची शंका मात्र पैशांनी मिटली नाही.

पुढच्याच वर्षी, जुलै १९७९ मध्ये, अमेरिकेची ‘स्कायलॅब’ पडणार म्हणून सगळा भारत आकाशाकडे बघत होता. जिवतीच्या पलीकडे करीमनगर भागात ‘आता मरायचंच आहे’ म्हणून लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडली. गेलेल्या बकऱ्या काही परत आल्या नाहीत.

*

अणुसंकटात माणसं कशाने मरतात, याचा हिशेब आता जगाकडे आहे, आणि तो प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने एकदा वाचायला हवा.

२६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची भट्टी फुटली. शेजारचं प्रिप्यात शहर हलवायला सुरुवात व्हायलाच दीड दिवस लागला. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्राच्या यंत्रांनी २८ एप्रिलला हवेतला किरणोत्सर्ग पकडला, त्यानंतर त्या संध्याकाळी मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवर चार ओळींची बातमी आली. १ मेची मिरवणूक कीव्हमध्ये ठरल्याप्रमाणे निघाली. या गप्प बसण्याची किंमत मुलांनी मोजली. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ गवतावर पडतं, गाय गवत खाते, ते दुधात उतरतं आणि मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. त्याची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते. काही आठवडे ते दूध पाजू नका, एवढं वेळेत सांगितलं असतं तरी पुष्कळ मुलं वाचली असती. पुढच्या वीस वर्षांत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या पट्ट्यात, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतला मोठा वाटा या दुधाचा होता.

आता याची दुसरी बाजू. ११ मार्च २०११, जपान. भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा दाइची केंद्रातल्या तीन भट्ट्या वितळल्या. किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. तो केंद्रात काम केलेल्या कामगाराचा. मात्र फुकुशिमा प्रांतात स्थलांतर, आजारपणात तुटलेले उपचार, छावणीतलं जगणं आणि खचलेलं मन यांमुळे झालेले ‘आपत्तीसंबंधित’ मृत्यू २,३००च्या वर गेले. त्या प्रांतात भूकंप आणि लाटेने प्रत्यक्ष मारलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. ओकुमा गावातल्या फुताबा रुग्णालयातून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवलं गेलं. त्यातून चाळीसवर माणसं दगावली.

त्याहून कटू गोष्ट नामिए आणि इताते गावांची. नामिएचे लोक पळून उत्तर-पश्चिमेला त्सुशिमा भागात गेले, आणि किरणोत्सर्गी ढग नेमका तिकडेच वळला. वारा कुठे वाहतोय, याचा अंदाज देणारी संगणकीय यंत्रणा सरकारकडे होती. तिची माहिती लोकांसमोर पहिल्यांदा आली २३ मार्चला. केंद्रापासून तीस किलोमीटरच्याही पलीकडे असलेल्या इताते गावाला निघून जायला सांगितलं गेलं एप्रिलच्या उत्तरार्धात. आई-बापांनी पोरांना घेऊन सुरक्षित जागी म्हणून जिथे आसरा घेतला, तिथेच विष पडत होतं, आणि ज्यांना ते ठाऊक असायला हवं होतं ते बोलले नाहीत. माझ्या मते अणुयुगातला सर्वांत मोठा अपराध हा आहे. भट्टी फुटणं अपघात असेल, माहिती दाबणं अपघात नसतो.

जंगलात राहणाऱ्यांना यात आणखी एक भोग आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत बसून तो विसरता येत नाही. शेतजमिनीची वरची माती खरवडून काढता येते. जंगलाची येत नाही. तीस वर्षांनी निम्मं होणारं सीझियम-१३७ पालापाचोळ्यात बसतं, तिथून बुरशीत, कंदात, प्राण्यांत फिरत राहतं. चेर्नोबिलनंतर स्वीडन-नॉर्वेतल्या सामी आदिवासींच्या रेनडिअरांनी खाल्लेल्या दगडफुलात ते उतरलं आणि हजारो जनावरांचं मांस फेकून द्यावं लागलं. बव्हेरियातल्या रानडुकरांत ते अजून सापडतं. फुकुशिमाच्या जंगलातली रानटी अळंबी विकायला वर्षानुवर्षं बंदी राहिली. जिवती, एटापल्ली, भामरागडकडे पावसाळ्यात सात्या म्हणजे रानअळंबी गोळा होतात, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब निघतात, रानभाज्यांवर घर चालतं. बाजारातून खाणाऱ्याला दुसऱ्या गावची भाजी आणता येते. रानातून खाणाऱ्याला दुसरं रान नसतं.

*

न दिसणाऱ्या धोक्याला माणसं चेहरा देऊ पाहतात. ब्राझीलच्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये ओसाड पडलेल्या दवाखान्यातून भंगारवाल्यांनी कर्करोगावरच्या उपचाराचं एक यंत्र उचललं. आतल्या डबीत अंधारात निळी चमकणारी भुकटी होती, सीझियम-१३७ची. कौतुकाने ती घरोघरी वाटली गेली, अंगाला फासली गेली. चौघांचा जीव गेला, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सर्ग सापडला. पण तपासणीसाठी स्टेडियममध्ये रांग लावली एक लाख बारा हजारांवर लोकांनी, आणि ज्यांना काहीही झालं नव्हतं अशांनाही उलट्या, पुरळ, चक्कर येत होती. मग त्या मुलीची अंत्ययात्रा निघाली, तर स्मशानभूमीत जमावाने दगड मारले. विष आपल्या मातीत पुरू नका, म्हणून. गोयानियाच्या माणसांना इतर शहरांतल्या हॉटेलांत खोल्या मिळेनात.

हे वाचताना मला वणी खुर्द आठवतं. जिवती तालुक्यातलंच गाव. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या बायका-पुरुषांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा जवळपास आठ वर्षं झाली होती. गावात काही अघटित घडत होतं, कारण दिसत नव्हतं; मग जवळचा, दुबळा, ज्याच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही असा माणूस कारण ठरला. म्हणून उद्या कधी खरंच हवेत काही आलं, किंवा आलं अशी नुसती अफवा उठली, तर जिवतीत मला पहिली काळजी वाटेल ती किरणांची नाही. कुणाच्या अंगाला ‘ते’ लागलंय, कुणाच्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही, कुणाला गावात घ्यायचं नाही, हे कोण ठरवेल याची.

*

महाराष्ट्राची स्वतःची अणुभीती कोकणपट्टीवर आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून चालू झाल्या. उकळत्या पाण्याच्या त्याच जातीच्या, ज्या जातीच्या फुकुशिमाला होत्या. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. तिथल्या लोकांनी सरावाचे भोंगे ऐकले आहेत. ७ मे २०२५च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावात तारापूर पहिल्या श्रेणीत होतं. पण २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने थांबले नाहीत, तेव्हा वारली कुटुंबं थंडीत घराबाहेर तंबूंत झोपली. धक्के मध्यम होते. पण घर पडेल का या भीतीच्या मागे, दूर समुद्रकाठी उभ्या असलेल्या केंद्राचं काय, हा दुसरा प्रश्न उभा होता, आणि त्याचं उत्तर दरवेळी ‘केंद्र सुरक्षित आहे’ एवढंच मिळालं. ते खरंही असेल. तरी कशामुळे सुरक्षित, किती धक्क्यापर्यंत सुरक्षित, आणि त्यापुढे गेलं तर तुम्ही काय करायचं, हे वारली माणसाला बसून समजावलं गेलं पाहिजे होतं.

जैतापूरचंही तेच झालं. माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प जाहीर झाला; शंका विचारणाऱ्यांना विकासविरोधी ठरवलं गेलं. फुकुशिमानंतर पाच आठवड्यांनी, १८ एप्रिल २०११ला, साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार तरुण गेला. अजून तिथे भट्टी उभी नाही. तो तरुण मात्र गेलेलाच आहे.

मी अणुऊर्जेच्या बाजूने की विरुद्ध, हा इथे मुद्दा नाही. तारापूरपासून जिवती सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरहून दूर आहे. तिथे काही घडलं तरी जिवतीला घर सोडायची वेळ येण्याची शक्यता फार थोडी, हे स्पष्ट सांगायला हवं. अणुयुद्धाची गोष्ट वेगळी. त्यात कुणीच दूर नाही. पण या दोन टोकांच्या मध्ये जे रोज घडू शकतं, म्हणजे अफवा, आकाशातून पडलेला तुकडा, भंगारात आलेली अनोळखी डबी, त्यासाठी तयारी करता येते आणि ती महाग नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० फुटलं आणि एका कामगाराचा जीव गेला. त्या दुकानात ‘असं दिसलं तर हात लावू नका’ हा एक कागद असता तर तो कामगार कदाचित वाचला असता.

सांगायचं आहे ते इतकंच. अनोळखी धातूची वस्तू पडली किंवा सापडली तर हात लावू नये, मुलांना दूर न्यावं, पोलीस पाटलाला कळवावं. हवेतून धोका आल्याचं प्रशासनाने सांगितलं तर पक्क्या खोलीत जावं. कुडाच्या भिंतीपेक्षा शाळेची किंवा ग्रामपंचायतीची स्लॅबची खोली बरी. दारं-खिडक्या बंद करावीत. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच काढून वेगळे बांधून ठेवावेत, साबणाने अंघोळ करावी. अंगावर बसलेलं बरंचसं विष कपड्यांसोबतच निघून जातं. झाकलेलं पाणी प्यावं, गुरांना साठवलेला चारा द्यावा, सांगितलं असेल तितके दिवस मुलांना त्या गावचं दूध देऊ नये. आयोडीनच्या गोळ्या सरकारने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. जास्त मीठ खाऊन किंवा गळ्याला बीटाडीन लावून काहीही होत नाही. २०११ मध्ये चीनमध्ये मिठासाठी दुकानं रिकामी झाली होती, फिलिपिन्समध्ये बीटाडीनचे संदेश फिरले होते. आणि ज्याच्या अंगाला किरणोत्सर्ग लागला असेल तो माणूस अंघोळ करून कपडे बदलल्यावर अस्पृश्य होत नाही. जिवतीसाठी मला हे वाक्य सर्वांत आवश्यक वाटतं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना माझी विनंती आहे, की एवढा मजकूर मराठी, गोंडी, कोलामी, माडिया, गोरमाटी आणि तेलुगूत ध्वनिमुद्रित करून प्रत्येक आशाताईच्या, शिक्षकाच्या आणि पोलीस पाटलाच्या मोबाइलमध्ये आधीच ठेवावा, म्हणजे रेंज नसली तरी तो ऐकवता येईल. सीमेवरच्या चौदा गावांसाठी दोन्ही राज्यांनी मिळून एकच अधिकारी नेमावा, ज्याचा शब्द अंतिम असेल. आणि वाचकांनो, घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक साठवून द्या, आणि पुढचा धुराचा व्हिडिओ आला की तो पुढे पाठवण्याआधी तिथे फोन करून विचारा.